नळीत पातळ, शिरांत घट्ट

१९३५ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने कायदा केला की, लग्नाचा परवाना हवा असेल तर वधू-वर दोघांनीही आधी सिफिलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगाची रक्ततपासणी करून घ्यायची. पुढच्या काही वर्षांत बऱ्याच राज्यांनी तोच कित्ता गिरवला. पाठोपाठ दुसरं महायुद्ध आलं आणि सैन्यभरतीच्या रांगेतही ही तपासणी सुरू झाली. लाखो धडधाकट माणसांचं रक्त असं पहिल्यांदाच एका चाचणीतून गेलं, आणि त्यातून एक अडचणीचा प्रकार उघडकीला आला. काही जणांची, त्यातही बऱ्याच तरुण मुलींची, चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येई. पण त्यांना सिफिलिस नसे, कधी झालेलाही नसे. अशा मुलीच्या वाट्याला काय येत असेल, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

ही चाचणी मूळची बर्लिनची. १९०६ साली ऑगस्ट फॉन वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. रुग्णाच्या रक्तात सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे कोविडनंतर सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या अँटिबॉडी, आहेत का हे त्यांना पाहायचं होतं. जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता, म्हणून त्यांनी सिफिलिसने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला. त्यात जंतू भरपूर असतात. चाचणी चालली. पण थोड्याच काळात लक्षात आलं की, निरोगी अवयवाचा अर्क घेतला तरी ती तितकीच चालते. मग जंतूचा संबंध काय? याचा उलगडा व्हायला १९४१ साल उजाडलं. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या मेरी पँगबॉर्न यांनी गुरांच्या हृदयातून फॉस्फोलिपिड वर्गातला एक स्निग्ध पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव कार्डिओलिपिन. वासरमान यांची चाचणी पस्तीस वर्षं या चरबीला चिकटणारी प्रतिपिंडं पकडत होती. आपल्याकडे गरोदरपणाच्या पहिल्या तपासण्यांच्या यादीत ‘व्हीडीआरएल’ लिहिलेलं असतं, ती सिफिलिसचीच चाचणी, आणि तिच्यातही हेच कार्डिओलिपिन असतं.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या जोसेफ अर्ल मूर यांनी या खोट्या पॉझिटिव्हांचा नेटाने पाठपुरावा केला. मलेरिया, विषाणूचा ताप अशा निमित्ताने आलेला खोटा पॉझिटिव्ह काही महिन्यांत मावळे. पण काहींच्या रक्तात तो वर्षानुवर्षं टिकून राही. त्यांत बायका जास्त होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना पुढे ल्युपस झाला. ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा घरच्याच माणसांवर उलटण्याचा आजार. सांधे, कातडी, मूत्रपिंडं, मेंदू, त्याच्या तडाख्यातून फारसं काही सुटत नाही. चाचणी सिफिलिसबद्दल खोटं बोलत होती, पण ती उगीच पॉझिटिव्ह येत नव्हती.

१९५२ साली त्याच जॉन्स हॉपकिन्समधल्या लॉकार्ड कॉनली आणि रॉबर्ट हार्टमन यांनी ल्युपसच्या दोन रुग्णांचं रक्त तपासलं. काचेच्या नळीत ते गोठायला नको इतका वेळ लागत होता. अशा वेळी पहिली शंका येते ती गोठवणारा एखादा घटक कमी असल्याची, जसा तो हिमोफिलियात असतो. तसं असेल तर निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळला की काम भागतं. इथे मिसळूनही भागेना. म्हणजे रक्तात काही कमी नव्हतं, काहीतरी जास्तीचं फिरत होतं आणि गोठण्यात खोडा घालत होतं. पुढे १९७२ मध्ये फाइनस्टाइन आणि रापापोर्ट यांनी त्याला ‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’ असं नाव दिलं, आणि आजही रिपोर्टवर तेच छापून येतं.

असं रक्त असलेल्या रुग्णाला टाचणी टोचली तरी रक्ताची धार लागेल, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात उलट घडू लागलं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी लिहिलं की, ज्या ल्युपस रुग्णांच्या रक्तात हा अटकाव करणारा पदार्थ सापडतो त्यांच्यातल्या काहींच्या शिरांत चक्क गुठळ्या होतात. त्याआधी १९५४ मध्ये फ्रान्समध्ये आणि नंतर १९७५ मध्ये स्वीडनमध्ये, वारंवार गर्भ दगावणाऱ्या बायकांच्या रक्तात हाच पदार्थ आढळल्याच्या नोंदी झाल्या. या नोंदी वेगवेगळ्या नियतकालिकांत सुट्या पडून राहिल्या. रक्ततज्ज्ञ रक्ताचं वाचत, स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाचं. वैद्यकातल्या कप्पेबंदीचा हा जुना दोष आजही गेलेला नाही.

हा विरोधाभास उलगडायचा तर रक्त कसं गोठतं ते थोडं पाहावं लागेल. शिरेला जखम झाली की तिच्या अस्तराखालचं ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचं प्रथिन उघडं पडतं. ते रक्तातल्या सातव्या घटकाला पकडतं. त्यातून दहावा घटक जागा होतो. दहावा पाचव्याच्या साथीने प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे तयार करतं. हे घटक नुसते तरंगत राहिले तर ही सगळी उस्तवार फार संथ चालते. त्यांना बसायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे ऋण विद्युतभार असलेल्या फॉस्फोलिपिडचा पृष्ठभाग. शांत बसलेली पेशी असली चरबी आपल्या आवरणाच्या आतल्या अंगाला ठेवते. प्लेटलेट चेतवली गेली की तीच चरबी बाहेरच्या अंगाला येते. त्या पृष्ठभागावर दहावा, पाचवा आणि प्रोथ्रॉम्बिन शेजारी शेजारी आले की थ्रॉम्बिन तयार होण्याचा वेग लाखो पटींनी वाढतो. जखम झालेल्या जागीच गुठळी होते आणि बाकीचं रक्त वाहतं राहतं, त्यामागे ही बैठकीची व्यवस्थाही आहे.

प्रयोगशाळेतल्या नळीत शीर नसते, शिरेचं अस्तर नसतं आणि प्लेटलेटही काढून टाकलेल्या असतात. तंत्रज्ञ बाहेरून थोडं फॉस्फोलिपिड घालतो, तेवढ्याच जागेवर सगळा कारभार चालतो. रुग्णाची प्रतिपिंडं त्या तुटपुंज्या जागेवर ठाण मांडतात, गोठवणाऱ्या घटकांना बसायला जागा उरत नाही आणि घड्याळ पुढे सरकत राहतं. गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या ‘एपीटीटी’ चाचणीचे सेकंद रिपोर्टवर वाढलेले दिसतात. शरीरात जागेची अशी टंचाई नसते. नळीतला उशीर खरा असतो, पण तो नळीपुरता.

याच तत्त्वावर आज वापरली जाणारी खात्रीची चाचणी उभी आहे, आणि तिच्यात आपल्या ओळखीचं एक जनावर आहे. घोणस. उसाच्या फडात, भाताच्या खाचरात, गवताच्या गंजीत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने जिची धास्ती घेतलेली असते ती. इंग्रजीत तिला स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल यांचं नाव आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे निसर्गतज्ज्ञ म्हणून त्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर १७९६ मध्ये ग्रंथ छापला. घोणशीच्या विषातला एक घटक वरच्या सगळ्या पायऱ्या टाळून थेट दहाव्या घटकाला जागा करतो. दंश झालेल्या माणसाच्या अंगभर गोठण्याची क्रिया एवढी भडकते की फायब्रिनोजेन संपून जातं, आणि मग रक्त गोठतच नाही. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि नळी आडवी करून पाहतात, ते यासाठीच.

हे विष अत्यंत पातळ करून वापरलं तर ते रक्तस्राव थांबवतं, हे १९३४ मध्ये लंडनमध्ये ग्विन मॅकफार्लेन आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयात सापांचा विभाग सांभाळणारे बर्जेस बार्नेट यांनी दाखवलं. हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमेवर ते लावलं जाई. १९८६ मध्ये थियागराजन, पेंगो आणि शपिरो यांनी तेच विष निदानाला जुंपलं. रुग्णाच्या प्लाझ्मात विरल केलेलं विष आणि बेताचं फॉस्फोलिपिड घालायचं आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. वेळ वाढला, तर त्याच प्लाझ्मात आता फॉस्फोलिपिड सढळ हाताने घालून पुन्हा मोजायचं. वेळ ताळ्यावर आला की निदान पक्कं, कारण जागा मुबलक झाल्यावर प्रतिपिंडांची अडवणूक निष्फळ ठरते. रुग्णाचा नमुना दोनदा फिरवून त्यातल्या प्लेटलेट नीट काढल्या नाहीत, तर त्यांचीच चरबी जागा पुरवते आणि आजार झाकला जातो. एवढी साधी गोष्ट, पण घाईगर्दीच्या प्रयोगशाळेत नेमकी इथेच गफलत होऊ शकते. रुग्णाला आधीच हेपॅरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध सुरू असेल तरी ही चाचणी फसवू शकते, म्हणून नमुना देताना आपण कोणत्या गोळ्या घेतो ते सांगायलाच हवं.

विखुरलेल्या नोंदी एका आजाराच्या नावाखाली आणल्या त्या लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या ग्रॅहम ह्यूज यांनी. १९८३ मध्ये त्यांनी ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, शिरांतल्या गुठळ्या, वारंवार गर्भपात आणि मेंदूचे विकार यांचं नातं जोडून दाखवलं. त्याच वर्षी त्यांच्या गटातले नायजेल हॅरिस आणि अझीझ घरावी यांनी कार्डिओलिपिनला चिकटणारी प्रतिपिंडं मोजायची अतिशय संवेदनशील पद्धत प्रसिद्ध केली. व्हीडीआरएलच्या खोट्या पॉझिटिव्हचा धागा त्यांनी बरोबर पकडला होता. आजाराचं नाव पडलं अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. आपल्याकडचे डॉक्टर आणि रुग्ण दोघंही ‘एपीएलए’ म्हणतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था अशाच प्रश्नांवर काम करते.

तरी एक शंका उरत होती. असली चरबी प्रत्येक पेशीत असते. प्रतिपिंडं खरोखर चरबीवरच चालून येत असतील तर सारं शरीर एका दमात बंद पडायला हवं. १९९० मध्ये सिडनी, मास्ट्रिख्ट आणि साप्पोरो इथल्या तीन गटांनी एकमेकांच्या आगेमागे तोच शोध लावला. रुग्णाची प्रतिपिंडं शुद्ध करून नुसत्या कार्डिओलिपिनवर सोडली की ती चिकटतच नाहीत. थोडा प्लाझ्मा मिसळला की चिकटतात. प्लाझ्मातलं ते मध्यस्थ म्हणजे बीटा-२ ग्लायकोप्रोटीन १ नावाचं प्रथिन. मग सात वर्षं चाचण्या पॉझिटिव्ह कशा येत होत्या? चाचणीच्या प्लेटवर प्रतिपिंडं भलतीकडे चिकटू नयेत म्हणून गाईच्या रक्ताचा सिरम वापरला जाई, आणि त्या सिरममध्ये गाईचं बीटा-२ आयतंच हजर होतं. विज्ञानातल्या योगायोगांत मला हा फार आवडतो. खऱ्या सिफिलिसमधली प्रतिपिंडं मात्र या मध्यस्थाशिवाय थेट चरबीला चिकटतात. व्हीडीआरएलच्या एकाच उत्तराखाली दोन वेगळ्या जातीची प्रतिपिंडं दडलेली होती, हे तेव्हा कुठे स्पष्ट झालं.

हे बीटा-२ कुणी उपरं प्रथिन नाही. आपलं यकृत ते तयार करतं, आणि प्रत्येकाच्या रक्तात लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम एवढ्या भरघोस प्रमाणात ते असतं. ३२६ अमिनो आम्लांचं, एकामागे एक असे पाच भाग असलेलं. पाचव्या भागात धनभारित जागा आहे, तिने ते ऋणभारित चरबीला धरतं. १९९९ मध्ये त्याची स्फटिकरचना उलगडली तेव्हा ते मासेमारीच्या गळासारखं वाकलेलं दिसलं. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं आणखी एक रूप दाखवलं. त्यात पहिला भाग पाचव्याला टेकून प्रथिन वर्तुळासारखं मिटलेलं असतं. चरबीचा पृष्ठभाग मिळाला की ते उलगडतं आणि पहिल्या भागावरची एरवी झाकलेली जागा उघडी पडते. सर्वांत घातक प्रतिपिंडं नेमकी त्याच जागेवर चिकटतात. रक्तात फिरताना हे प्रथिन खरोखर मिटलेलंच असतं की आधीपासून ताणलेलं, यावर प्रयोगशाळांत अजून वाद आहे. पण रक्तात एवढं भरपूर बीटा-२ असूनही प्रतिपिंडं त्यावर सरसकट का तुटून पडत नाहीत, याचं समाधानकारक उत्तर या उलगडण्यात मिळतं.

काही माणसांच्या रक्तात हे प्रथिन जन्मतःच नसतं. त्यांना ना रक्तस्रावाचा त्रास होतो, ना गुठळ्यांचा. म्हणजे प्रतिपिंडं बीटा-२ निकामी करतात आणि त्याच्या अभावाने गुठळ्या होतात, हे म्हणणं टिकत नाही. प्रतिपिंडाला दोन हात असतात. त्या दोन हातांत दोन बीटा-२ धरले की ती जोडी चरबीला सुट्या प्रथिनापेक्षा कितीतरी घट्ट बसते. एरवी येऊनजाऊन असलेलं प्रथिन पेशीवर मुक्काम ठोकतं, आणि पेशीच्या आत इशारे जाऊ लागतात. शिरेचं अस्तर एरवी गुळगुळीत असतं, रक्ताला चिकटू देत नाही. इशारा मिळाल्यावर त्याच अस्तरावर चिकट रेणू उगवतात आणि टिश्यू फॅक्टर तयार होऊ लागतं, जखम नसताना. पांढऱ्या पेशींतल्या मोनोसाइटही तेच करतात. न्यूट्रोफिल पेशी आपल्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात. ती जंतू अडकवण्यासाठी असते, पण तिच्यात प्लेटलेट आणि फायब्रिनही अडकतात. गोठण्याला आवर घालणारी प्रोटीन सी ही यंत्रणा दुबळी होते. वारेच्या पेशींवर अ‍ॅनेक्सिन ए-५ या प्रथिनाचं जे संरक्षक कवच असतं त्याला भगदाडं पडतात. शिवाय ‘कॉम्प्लिमेंट’ ही रक्तातल्या प्रथिनांची जुनी संरक्षक साखळी पेटते आणि आगीत तेल ओतते. यातली कोणती वाट कोणत्या रुग्णात मुख्य, ते सारखं नसतं. माझ्या मते या आजाराची लक्षणं माणसागणिक इतकी वेगळी असण्यामागे हेही एक कारण असावं.

पण मग रक्तात प्रतिपिंडं घेऊन वर्षानुवर्षं ठणठणीत हिंडणारी माणसं असतात, ती कशी? उंदरांवरचे प्रयोग इथे उपयोगी पडले. रुग्णाची प्रतिपिंडं टोचलेल्या उंदराच्या मांडीतल्या शिरेला संशोधकांनी चिमट्याने किंचित इजा केली. गुठळी निरोगी उंदरापेक्षा मोठी झाली आणि जास्त काळ टिकली. प्रतिपिंडं जमीन भुसभुशीत करून ठेवतात, घसरायला दुसरं निमित्त लागतं. मोठं ऑपरेशन, जंतुसंसर्ग, दिवसेंदिवस अंथरुणाला खिळणं, सिगारेट, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, बाळंतपण ही त्यातली नेहमीची निमित्तं. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ विरुद्धची प्रतिपिंडं या तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असतील तर धोका खरा. इटलीतल्या एका पाहणीत अशा, आधी कधी गुठळी न झालेल्या लोकांमध्ये दहा वर्षांत सुमारे ३७ टक्क्यांना गुठळी झाली. एकच चाचणी आणि तीही जेमतेम पॉझिटिव्ह असेल, तर धोका त्या मानाने फार थोडा.

गुठळी सर्वांत जास्त होते ती पायाच्या खोल शिरांत. पोटरी एकाएकी सुजते, दुखते, गरम लागते. तिथून तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर दम लागतो आणि जिवावर बेततं. या आजाराचं वेगळेपण असं की तो रोहिणीही सोडत नाही. पस्तिशी-चाळिशीतल्या, रक्तदाब-मधुमेह नसलेल्या माणसाला अर्धांगाचा झटका आला की हुशार डॉक्टरच्या मनात एपीएलए येतोच. कातडीवर जाळीदार जांभळट नक्षी उठते. प्लेटलेट कमी होतात, आणि प्लेटलेट कमी असतानाही गुठळ्या होत राहतात. युरोपातल्या एक हजार रुग्णांच्या पाहणीत ८२ टक्के बायका होत्या. ल्युपससोबत हा आजार येतो, तसाच तो एकटाही येतो. शंभरातल्या एखाद्यापेक्षाही कमी रुग्णांत तो एका आठवड्याच्या आत तीन किंवा अधिक अवयवांतल्या बारीक रक्तवाहिन्या बुजवत सुटतो. रोनाल्ड अ‍ॅशरसन यांनी १९९२ मध्ये त्याचं वर्णन केलं. सुरुवातीच्या काळात त्यातले निम्मे रुग्ण दगावत.

रक्तातलं साधं प्रथिन आणि त्यावर उलटलेलं प्रतिपिंड या जोडीचा आणखी एक मासला आपण सगळ्यांनी बातम्यांत वाचलाय. प्लेटलेटमधून ‘पीएफ-४’ नावाचं धनभारित प्रथिन सुटतं. हेपॅरिन ऋणभारित असतं. क्वचित एखाद्या रुग्णात हेपॅरिन आणि पीएफ-४ यांच्या जोडगोळीविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती प्लेटलेटना चेतवतात, आणि रक्त पातळ करायला दिलेल्या औषधानेच गुठळ्या होतात. २०२१ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या कोविड लशीनंतर झालेल्या विरळा गुठळ्यांमागेही पीएफ-४ विरुद्धची प्रतिपिंडंच होती. ती लस पुण्यात कोव्हिशील्ड नावाने तयार होत होती, त्यामुळे २०२४ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयातली या दुष्परिणामाबद्दलची कागदपत्रं गाजली तेव्हा इथल्या डॉक्टरांचे फोन खणखणू लागले. ब्रिटनमध्ये हे प्रमाण पन्नाशीच्या पुढे लाखात एक आणि पन्नाशीच्या आत पन्नास हजारांत एक असं आढळलं होतं, आणि तो धोका लशीनंतरच्या काही आठवड्यांपुरता होता. तीन वर्षांपूर्वीच्या डोसने आज गुठळी होईल का, या प्रश्नात तथ्य नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ते कुणी ऐकायला तयार नव्हतं.

एपीएलएच्या उपचारांत जुनं औषधच खरं ठरलं आहे. वॉरफेरिन किंवा आपल्याकडे खूप वापरलं जाणारं अ‍ॅसिनोकुमॅरॉल घ्यायचं, वरचेवर आयएनआर, म्हणजे रक्त किती सावकाश गोठतं याचा आकडा, तपासायचा आणि तो साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा. पालेभाज्यांतलं जीवनसत्त्व के या औषधाला विरोध करतं. म्हणून मेथी-पालक सोडून देणारे रुग्ण असतात. त्याची गरज नाही. रोज जेवढी भाजी खाता तेवढीच खात राहा, मग डोस तिच्याशी जुळवून घेता येतो. एक आठवडा अळूचं फदफदं आणि दुसरा आठवडा नुसती बटाट्याची भाजी, असं झालं की आयएनआर हेलकावे खातो. हा सगळा जाच चुकावा म्हणून नव्या गोळ्यांकडे वळण्याचा मोह होतो. त्यांना आयएनआर लागत नाही. रिव्हारॉक्सबॅन ही त्यातलीच एक. इटलीत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तिन्ही प्रतिपिंडं पॉझिटिव्ह असलेल्या १२० रुग्णांपैकी ५९ जणांना रिव्हारॉक्सबॅन आणि ६१ जणांना वॉरफेरिन दिलं. रिव्हारॉक्सबॅनच्या गटात चार जणांना पक्षाघात आणि तिघांना हृदयविकाराचा झटका आला. वॉरफेरिनच्या गटात एकालाही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. गावाकडे आयएनआरची सोय नाही म्हणून अशा रुग्णाला कुणी गोळी बदलून देत असेल, तर ही आकडेवारी त्याच्यासमोर ठेवायला हरकत नाही.

गर्भारपणाची गोष्ट वेगळी, आणि माझ्या दृष्टीने या आजाराच्या इतिहासातलं सर्वांत सुखद पान तेच. वॉरफेरिन वारेतून बाळापर्यंत पोहोचतं आणि बाळात व्यंग निर्माण करू शकतं; हेपॅरिन पोहोचत नाही. १९९७ मध्ये लंडनच्या राज राय, लेस्ली रीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार गर्भपात होणाऱ्या प्रतिपिंडधारी बायकांवर चाचणी केली. नुसत्या कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के गर्भ जिवंत जन्माला आले, अ‍ॅस्पिरिनसोबत हेपॅरिन दिल्यावर ७१ टक्के. वारेतल्या गुठळ्या हेपॅरिनने टळत असतील, हा सरळ तर्क. न्यूयॉर्कमधल्या गियेर्मिना जिरार्डी आणि जेन सॅमन यांनी तो उंदरांत तपासून पाहिला. रक्त गोठण्याला तितकाच अटकाव करणारी दुसरी औषधं दिली तर गर्भ वाचले नाहीत, हेपॅरिनने वाचले. हेपॅरिन कॉम्प्लिमेंटची साखळी विझवत होतं. २००४ मधला हा निष्कर्ष आहे. गर्भ दगावण्यामागे प्रत्येक वेळी गुठळीच असते असं नाही, वारेत पेटलेला दाहही असतो, हे त्यातून पुढे आलं.

या यशाला एक उलटी बाजूही आहे. पहिल्याच महिन्या-दोन महिन्यांत एखादा गर्भपात झाला की शहरांतून ‘एपीएलए प्रोफाइल’ करायला लावतात, एखादा आकडा जरासा वर दिसतो आणि पोटात रोज इंजेक्शनं सुरू होतात. सुरुवातीचे गर्भपात मुळात खूप होतात, आणि त्यांतले बरेचसे गर्भातल्याच गुणसूत्रांच्या दोषाने होतात. संसर्गानंतर प्रतिपिंडं काही आठवडे चढून उतरतात, म्हणून पॉझिटिव्ह चाचणी किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करून पाहिल्याशिवाय निदान धरायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम २००६ पासून आहे. त्याआधी तो सहा आठवड्यांचा होता. २०२३ च्या नव्या निकषांत तर नुसत्या सुरुवातीच्या गर्भपातांचं वजन आणखी घटवलंय. चौतिसाव्या आठवड्याआधी तीव्र स्वरूपात आलेल्या गर्भारपणातल्या रक्तदाबाला जास्त महत्त्व दिलंय. ज्या बाईला हा आजार खरोखर आहे तिच्यासाठी मात्र बाळ हातात आल्यावरही इंजेक्शनं लगेच थांबत नाहीत. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका गरोदरपणापेक्षाही चढा असतो, म्हणून तेवढा काळ हेपॅरिन चालू ठेवतात. आणि जिला आधी गुठळी होऊन गेली आहे ती अंगावर पाजत असतानाच पुन्हा वॉरफेरिनवर येऊ शकते, कारण ते दुधातून बाळाच्या पोटात जवळजवळ जातच नाही.